शेवटचा आकडा दोनशे छत्तीस

भाऊ, बोटाला लावून साखर मोजायच्या तुझ्या क्लिपमध्ये शेवटचा आकडा अजून तसाच आहे. बटण दाबलं की नखाएवढ्या पडद्यावर उमटतो. दोनशे छत्तीस, आणि खाली वेळ, सकाळचे आठ वाजून बावन्न मिनिटं. त्याच दिवशी दुपारी दवाखान्यात तुझं रक्त तपासलं तेव्हा साखर निघाली सव्वीस. तुझं यंत्र म्हणत होतं साखर वाढली आहे, आणि तू साखर संपत चालल्यामुळे मरत होतास. तीन दिवस बेशुद्ध पडून राहिलास आणि गेलास. आज एकवीस दिवस झाले.

तू असतास तर ही पहिलीच ओळ वाचून हसला असतास. "शीले, पेन हातात घेतला का तू पुण्याची होऊन जाते." हो, होते. तोंडानं बोलायला गेलं की रडू तरी येतं नाहीतर शिव्या तरी येतात, म्हणून लिहायला बसले. शिव्या तरीही येणारच आहेत. आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे, सहा वर्षांपासूनची. तीही सांगणार आहे. आधी मला भांडू दे.

पहिलं भांडण बल्लारपूरच्या फलाटावरच्या माणसांशी. तू रोजच्यासारखा बाकावर बसला होतास, पॉलिटेक्निकला शिकवायला जायला चंद्रपूरच्या गाडीची वाट बघत. जानेवारीची थंडी, लोकांनी कानाला मफलर बांधलेले, आणि तुझा शर्ट घामानं ओला. मान कलली, बॅग मांडीवरून खाली घसरली. तर माणसं काय म्हणाली? "सर सकाळी सकाळीच टुन्न होऊन राह्यले." ज्यानं जन्मात मोहाच्या दारूचा वाससुद्धा घेतला नाही त्याला! दोन गाड्या येऊन गेल्या. एकानं मोबाइलवर तुझा व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत वहिनीच्या भावापर्यंत आला. दहा पावलांवर साखरेचा चहा उकळत होता. तू शुद्धीत होतास तोवर कोणी एक कप तुझ्या हातात दिला असता, तर मी आज हे लिहीत नसते. शेवटी फलाट झाडणाऱ्या बाईनं तुला ओळखलं. तिच्या मुलीला तू शिकवलं होतंस. रिक्षात तुला तिनंच टाकलं आणि मांडीवर डोकं घेऊन दवाखान्यापर्यंत आली. तिचं नाव विचारायचंसुद्धा आम्हाला त्या धावपळीत सुचलं नाही.

आणि डबा तुझ्या बॅगेत होता. भरलेला. वहिनीनं बांधून दिलेल्या तीन पोळ्या, वांग्याची भाजी आणि भात.

आता तुझ्याशी भांडते. तू सकाळी घरी क्लिप लावलीस, आकडा आला दोनशे एकोणीस. तू इन्सुलिन घेतलंस, वर चार युनिट आणखी घेतलंस, आणि वहिनीला म्हणालास, "आता नाई खात. आकडा उतरू दे, तिकडं जाऊन खाईन." फलाटावर हातपाय कापायला लागले तेव्हा तुला संशय आला असणार, म्हणून तर पुन्हा क्लिप लावलीस. थंडीनं गार पडलेल्या बोटाला. तिनं सांगितलं दोनशे छत्तीस. तुझं स्वतःचं अंग ओरडून सांगत होतं की खा, काहीतरी खा, आणि तू अंगाचं ऐकलं नाहीस, यंत्राचं ऐकलंस. अरे, बारावीच्या पोराला कळतं की घाम फुटला, हात कापले तर तोंडात साखर टाकायची. तू इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा माणूस. एवढा कसा रे विश्वास ठेवलास?

कसा ठेवलास ते मला माहीत आहे. म्हणूनच झोप लागत नाही.

मायपासून सांगावं लागेल. बाबा पेपरमिलमध्ये, आपण क्वार्टरमध्ये, आणि माय दर उन्हाळ्यात गल्लीभरच्या मिरच्या कांडायला बसायची. तिला शुगर निघाली आणि आठवड्याला बोट टोचणं सुरू झालं. मी तेव्हा लॅब टेक्निशियनचा कोर्स नुकताच संपवला होता, घरात पहिलं बोट मी तिचंच टोचलं. ती तिखटात हात घालायची आणि कळवळायची. "टोचलेल्या बोटाले तिखट झोंबते वो, शीले. कामाचेच बोटं टोचतं तू." मी म्हटलं करंगळी देत जा. तू काही बोलला नाहीस. तू उठून गेलास, टॉर्च आणलास, आणि दिवसाढवळ्या कोठीच्या अंधारात उभा राहून मायचं बोट टॉर्चवर धरलंस. बोट लाल झालं. तू म्हणालास, "उजेड आरपार जाते, तर सुई कायले पाह्यजे?" माय हसली होती. मला तुझा अभिमान वाटला होता, भाऊ. तो आजही वाटतो, त्याचं काय करू ते सांग.

मग तू लागलास मागे. बोटाच्या एका बाजूनं डोळ्याला न दिसणारा उजेड सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला किती उरला ते मोजायचं. रक्तातली साखर त्यातला चिमूटभर खाते, त्या चिमटीवरून आकडा काढायचा. मला तू हे इतक्या वेळा समजावलंस की मी झोपेत सांगेन. अडचण काय तेही सांगायचास. तो उजेड एकटी साखरच खात नाही, पाणीही खातं, चरबीही खाते. बोट गार असलं तर आकडा हलतो, जोरात दाबलं तर हलतो. मोठमोठ्या देशांत मोठमोठ्या कंपन्या यावर बसल्या आहेत आणि अजून कोणाला धड जमलेलं नाही. तुझ्याकडे काय होतं? कपडे वाळत घालायचा चिमटा, त्याला आतून काळं रेग्झिन, दोन एलईडी आणि पॉलिटेक्निकची जुनी प्रयोगशाळा. आणि मी होते. मुलचेऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दिवसाला साठ बोटं टोचणारी बहीण.

आपली कामाची पद्धत आठवते ना? कोणत्याही कॉलेजात चालली नसती, आपल्या घरात चालली. मी पेशंटच्या बोटाला क्लिप लावायची. तिचा कच्चा हिशेब मोबाइलवरून तुझ्याकडे चंद्रपूरला जायचा. तू गणित करून आकडा काढायचास आणि फोन करायचास. मी तेवढ्यात रक्त तपासून ठेवलेलं असायचं. आणि दर वेळी आधी आकडा सांगायचास तू. "मी मोठा, मी पयले सांगन." शाळेचा निकाल आला की बाबा आधी तुझा वाचायचे, मग माझा, तीच सवय. "माह्या एकशे चाळीस. तुह्या?" मग मी माझा सांगायचा, आणि तू दोन्ही वहीत लिहायचास. तुला कधी वाटलं नाही की दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहून मग जुळवावं. मलाही वाटलं नाही. आपल्याला वाटायचं, घरच्या माणसात झाकपाक कशाला.

माय गेली तेव्हा तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तू तीन महिने कोणाशी धड बोलला नाहीस. क्लिपचे आकडे तर कुठल्या कुठे जायचे. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला भीती वाटायची. एकदा म्हणालास, "शीले, फेकून देतो आता हे. मायसाठीच होतं, माय गेली." त्या आठवड्यात दवाखान्यात मालतीमाशी आली होती, बंगाली वस्तीवरची म्हातारी मावशी. तिला क्लिप लावली. तुझा फोन आला. "माह्या एकशे चाळीस. तुह्या?"

माझ्यासमोर मशीनवर दोनशे बारा होते.

मी म्हटलं, "एकशे बावन्न."

वहीत पेन चालल्याचा आवाज आला. मग तू हसलास. माय गेल्यानंतर पहिल्यांदा हसलास. "जमलं वो, शीले! जमून राह्यलं!" मागे तुझी कॉलेजची पोरं काहीतरी विचारत होती आणि तू त्यांनाही ओरडून सांगत होतास. मी फोन ठेवला आणि मालतीमाशीच्या कागदावर खरा आकडा लिहिला, दोनशे बारा, आणि तिला औषधाच्या खिडकीकडे पाठवलं. पेशंटला मी कधीच खोटं सांगितलं नाही, भाऊ. एकदाही नाही. खोटं फक्त तुला सांगितलं.

मला वाटलं, एकदाच. मग दुसऱ्यांदा. मग तुझा आवाज जरा पडलेला वाटला की मी दहा-वीस इकडचे तिकडे करायची. दर वेळी नाही. तुझा आकडा जवळ असेल तेव्हा खराच सांगायची, म्हणून तुला कधी संशय आला नाही. तू त्या वहीतल्या आकड्यांवरून क्लिप सुधारत गेलास. तुझं गणित माझ्या आकड्यांवर उभं राहिलं. मी लॅब टेक्निशियन आहे रे, मला कळत नव्हतं असं नाही. खोट्या आकड्यांनी जुळवलेलं यंत्र खोटंच बोलणार, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. पण मी स्वतःची समजूत काढली की हे कपाटात राहणारं खेळणं आहे, याच्यावर कोण औषध घेणार आहे.

आपण भांडलो ते भलत्याच गोष्टींवरून. एटापल्लीकडची एक गोंड बाई आली होती, बोटांवर, मनगटावर दाट गोंदण. क्लिपनं तिचा आकडा काहीच्या काही दाखवला. मी म्हटलं, गोंदणाची शाई तुझा उजेड खाऊन टाकते, जंगलातल्या बायांवर हे चालायचं नाही. तू चिडलास. "उजेडाले जात नसते, शीले." मी म्हटलं, उजेडाला नसेल, शाईला रंग आहे ना. तू दोन दिवस बोलला नाहीस. दुसऱ्यांदा भांडलो ते चंद्रपूरच्या बाजारात. मोबाइलच्या दुकानात ती घड्याळं टांगलेली होती, बोट न टोचता शुगर सांगणारी. तू दुकानदाराशी असा भांडलास की गर्दी जमली. "हिरवा दिवा पेटवला का शुगर मोजून झाली काय? काऊन फसवून राह्यला बे लोकाइले?" मी तुझा शर्ट ओढत तुला बाहेर काढलं. त्या घड्याळात आणि तुझ्या क्लिपमध्ये फरक एवढाच होता की घड्याळवाल्याला माहीत होतं तो फसवतोय.

मग तुला स्वतःलाच शुगर निघाली. मायची देणगी. गोळ्यांनी भागेना, इन्सुलिन लागलं. तू दोन महिने मुकाट्यानं बोट टोचलंस आणि मग बंद केलंस. मी मुलचेऱ्याहून खास आले. मशीन आणलं, पट्ट्यांचे डबे आणले, तुझ्या टेबलावर आपटले. आठवतं का?

"पोटात रोज सुई टोचतं, बोटाले काऊन नाई टोचत?"

"ते औषध हाय, शीले. हे माह्यं काम हाय. मी बनवलं त्यावर मीच भरवसा नाई ठेवला, तर लोक काऊन ठेवतीन?"

"लोकाइले नको ठेवू दे. तू टोच."

"चौदा वर्षं दिली मी याले."

तेव्हा मी तोंड उघडलं होतं, भाऊ. खरंच उघडलं होतं. म्हटलं, "भाऊ, त्या वहीतले आकडे..." आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "आकडे तर तुह्येच हायेत वो. दुसऱ्या कोणाचे असते तर मी ठेवला असता का भरवसा?" वहिनी चहा घेऊन आली. मी चहा प्यायले. दुपारच्या बसनं मुलचेऱ्याला परत गेले. ते मशीन तुझ्या कपाटात सापडलं, पट्ट्यांच्या डब्याचं सीलसुद्धा तुटलेलं नाही.

तुझ्यावर मला राग आहे. चार युनिट जास्त घेताना एक थेंब रक्त काढलं असतंस तर काय गेलं असतं? बापासारखं वाढवलंस मला. शेजारची पोरं सायकलवर हुंदडत होती तेव्हा तू मला कॅरेजवर बसवून कोर्सच्या फॉर्मसाठी चंद्रपूरपर्यंत पायडल मारत नेलंस. माझं लग्न मोडलं तेव्हा अख्ख्या नात्यात तू एकटा म्हणालास, "बरं झालं, पोरगी माह्यी शाबूत परत आली." असा माणूस. आणि या एका गोष्टीत गाढवासारखा हट्टी. पण हट्टाला खतपाणी कोणी घातलं, ते तुला माहीत नव्हतं. मला होतं.

परवा तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, भंतेजी बोलले, मग एकेक जण माइकवर येऊन तुझ्याबद्दल चांगलं बोलू लागला. आपल्यात गेलेल्याच्या नावानं काहीतरी दान देतात, तर तुझे विभागप्रमुख पिपरे सर उठले. म्हणाले, सरांच्या नावानं मुलं पन्नास क्लिपा बनवणार आहेत. सूरजागडच्या पायथ्याच्या गावांमध्ये वाटणार आहेत. तिथं दवाखाना लांब, मशीन नाही, पट्ट्या नाहीत, आणि सुईला लोक भितात. "बोट न टोचता शुगर, हे सरांचं स्वप्न होतं." टाळ्या वाजल्या. वहिनी पदरात तोंड घालून रडत होती, पण मान ताठ होती तिची. तू गेल्यापासून पहिल्यांदा ताठ.

मी उठले. माइक हातात घेतला आणि म्हटलं, "जयभीम. ती क्लिप कोणाच्या बोटाला लावू नका. माझा भाऊ तिच्यामुळेच गेला. ती चुकीचं सांगते, कारण तिला शिकवायला दिलेले आकडे मी खोटे दिले होते. सहा वर्षं."

तुला काय वाटतं, काय झालं असेल? कोणी ओरडलं? कोणी थोबाडीत मारली? काही नाही. पिपरे सरांनी माझ्या हातातून अलगद माइक काढून घेतला आणि म्हणाले, "ताई दुःखात आहेत." दोन बायांनी मला धरून खुर्चीवर बसवलं. कोणीतरी पाणी दिलं. मागून एक जण म्हणाला, "भावाच्या दुःखानं डोक्यावर परिणाम झाला बाईच्या." खोटं बोलले तेव्हा तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि खरं बोलले तर सभेतल्या एकानंही ठेवला नाही.

काल मी दवाखान्याचं रजिस्टर घेऊन चंद्रपूरला गेले. डॉक्टरसाहेबांना सगळं सांगून, त्यांची सही घेऊन नेलं. पिपरे सरांच्या टेबलावर तुझी वही आणि माझं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. मालतीमाशीचं नाव काढून दाखवलं. वहीत एकशे बावन्न, रजिस्टरमध्ये दोनशे बारा. मग दुसरं नाव. मग तिसरं. शंभरावर ओळी आहेत. विसाव्या नावाला सरांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "मॅडम, क्लिपा थांबवतो. पण हे बाहेर आलं तर सरांचं नाव जाईल. चौदा वर्षांचं काम." मी म्हटलं, जाऊ द्या. नाव गेलं तर माणूस मरत नाही. त्यांच्यासमोर कागदावर सगळं लिहून सही करून दिलं. तुझं नाव मी माझ्या हातानं पुसून आले, भाऊ. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही, तुझा तो हक्क मी आधीच घेऊन बसले आहे.

तिथून बल्लारपूरला घरी गेले. वहिनी ओट्याशी भाजी चिरत होती. सभेत मी बोलले तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं तिलाही मी वेडीच वाटते. तिनं विळी बाजूला सारली, हात पुसले आणि विचारलं, "खरं होतं का ते?"

मी म्हटलं, हो.

"कवापासून?"

"माय गेल्यापासून."

मी वाट बघत होते की आता ती मला घराबाहेर काढेल. मला तेच हवं होतं. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"त्याइले नव्हतं सांगाचं तर नसतं सांगतलं, बाई," ती म्हणाली. "मले सांगतलं पाह्यजे होतं. मी त्याइले जेवल्याबिगर घराबाहेर जाऊ दिलं नसतं."